सुट्टी नाताळची, हंगाम घरचा

परदेशी स्थायिक झालेल्या मुलाला दिवाळीत घरी येणे जमत नाही, ही गोष्ट वऱ्हाडातील व्यापारी कुटुंबांनी आता मनोमन स्वीकारली आहे. न्यूयॉर्क शहरातील सार्वजनिक शाळांना २०२४ पासून दिवाळीची सुट्टी मिळू लागली. न्यू जर्सीतील काही शाळाही ती देतात. परंतु एका दिवसाच्या सुट्टीत समुद्र ओलांडता येत नाही. मुलांना सलग सुट्टी मिळते ती नाताळची. तिला पुढेमागे दोन-चार दिवसांची रजा जोडली की दोन आठवडे हाती लागतात. म्हणून अमरावती-अकोल्याच्या कितीतरी घरांत फराळाचे डबे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा भरले जातात, आणि कार्तिकात काढून ठेवलेले आकाशकंदील नातवंडांसाठी मार्गशीर्ष-पौषात पुन्हा टांगले जातात.

अडचण एवढीच की, हे दोन आठवडे वऱ्हाडातील बाजाराचे ऐन हंगामाचे असतात. सोयाबीनची आवक ओसरत आलेली असते, कापसाच्या गाड्या जिनिंगच्या फाटकाबाहेर रांगा लावून उभ्या असतात आणि नवी तूर महिनाअखेरीस बाजार समितीच्या आवारात उतरू लागते. वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा दिवाळी ते संक्रांत या काळात पदरात पडतो. मुलगा सुट्टी घेऊन येतो तेव्हा वडिलांना क्षणाची उसंत नसते. घरी येणाऱ्याला वाटते, आपल्यासाठी कोणाला वेळ नाही. घरच्यांना वाटते, हा नेमका आताच कसा आला! दोघेही हे बोलून दाखवत नाहीत.

अमरावतीतील अशाच एका घरात २०२५ च्या डिसेंबरात न्यू जर्सीहून मुलगा, सून आणि दोन नातवंडे आली. साडेपाच वर्षांनी आली. मधल्या काळात आधी साथ, नंतर ग्रीन कार्डची कागदपत्रे, नंतर मुलीच्या शाळेतील परीक्षा अशी एकेक कारणे येत गेली. कारणे सारी खरी होती. तरीही आईने त्यांतले एकही कारण शेजाऱ्यांना नीट सांगितले नाही. "पुढच्या नाताळात येईल," एवढेच ती म्हणत राहिली.

घराणे मूळचे कारंजा लाडचे. वडिलांचे आजोबा तेथून अमरावतीला आले ते कापसाच्या ओढीने. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीतील कापसाला सोन्याचा भाव आला. पाठोपाठ १८६७ पर्यंत भुसावळहून नागपूरला जाणारा लोहमार्ग पूर्ण झाला. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही गावे त्या मार्गावर आली आणि गाठी थेट मुंबईच्या बंदराकडे निघाल्या. त्यानंतरच्या पन्नास-साठ वर्षांत जे अनेक व्यापारी आपापली गावे सोडून या पट्ट्यात आले, त्यांत हे आजोबाही होते. गावी त्यांचे येणे-जाणे वर्षातून एकदा, तेही हंगाम संपल्यावर. म्हणजे घर सोडून पोटामागे जाणे या घराला नवे नव्हते. पूर्वीचे अंतर मूर्तिजापूरहून कारंज्याला जाणाऱ्या 'शकुंतला' या छोट्या गाडीने तुटत असे. आताचे अंतर तुटण्यासाठी दोन विमाने आणि एक रात्रीची रेल्वे लागते.

कापसाचा धंदा मात्र या घरात टिकला नाही. १९७२ साली राज्य सरकारची कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि जवळजवळ तीस वर्षे खासगी व्यापाऱ्याला शेतकऱ्याकडून कापूस घेता येईना. तेव्हा वडील तेवीस वर्षांचे होते, नुकतेच गादीवर बसू लागले होते. त्यांनी कापूस सोडला आणि बाजार समितीत तूर, हरभरा, पुढे सोयाबीन यांची अडत सुरू केली. आज वयाच्या शहात्तराव्या वर्षीही ते सकाळी साडेनऊला हर्रासाला उभे असतात. कापूस विकत घेत नाहीत, पण त्याचा भाव रोज विचारतात. जुन्या ओळखीच्या माणसाची प्रकृती विचारावी, तसा.

मुंबईला उतरून मंडळींनी रात्रीची अमरावती एक्स्प्रेस पकडली. बेलोऱ्याच्या विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईची विमानसेवा सुरू झाली आहे, हे त्याला ठाऊक होते. पण वार जुळेना आणि सामानही फार होते. पहाटे, अंधार असतानाच, गाडी अकोल्याला थांबली. फलाटावर ताई उभी होती. कानाला शाल गुंडाळलेली, हातात पितळी डबा. गाडी सुटायला दोन-तीन मिनिटे असताना तिने डबा खिडकीतून आत दिला, भाच्यांच्या गालांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "रविवारी सगळे इकडे या. आईला पायऱ्या चढायला लावू नकोस, बरं का." तो 'बरं' म्हणाला. पायऱ्यांचे का म्हणाली, हे विचारायच्या आत गाडी हलली.

पहिले तीन-चार दिवस झोपेच्या गोंधळात गेले. हिवाळ्यात न्यू जर्सी आणि भारत यांच्या घड्याळांत साडेदहा तासांचे अंतर असते. रात्री तीनला त्याचे डोळे टक्क उघडत. वडीलही चारला उठणारे. त्यामुळे इतक्या वर्षांत न झालेली एक गोष्ट झाली. घर झोपलेले असताना दोघे ओट्यावर शेगडीजवळ समोरासमोर बसू लागले. बोलणे मात्र बाजाराचे. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव यंदा क्विंटलला ८,११० रुपये, तुरीचा ८,०००, सोयाबीनचा ५,३२८. सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरील ११ टक्के आयात शुल्क उठवले, ते वर्षअखेरपर्यंत. बाहेरचा कापूस स्वस्त आला की वऱ्हाडच्या शेतकऱ्याने कुणाकडे पाहावे, असे वडील विचारत. मग जरा हसून म्हणत, "आणि तुझ्या अमेरिकेने आमच्या मालावर पन्नास टक्के कर लावला. दीडशे वर्षांपूर्वी तिच्याच युद्धाने आम्हांला भाव दाखवला होता. तेव्हाचे देणे आता व्याजासकट वसूल करते आहे, असे समजायचे."

तो दुपारी दुकानावर जाऊन बसे. काटा आता विजेवर चालणारा झाला आहे, हिशेब संगणकावर होतो, पण दिवाणजी तेच आहेत आणि पिकल्या मिशांचा हमालही तोच. त्याने पाठीवरचे पोते खाली ठेवले आणि विचारले, "भाऊ, कवा आले? लय दिवसानं दिसले. आता रायता का जाता?" या प्रश्नाला त्याने हसून वेळ मारून नेली. वडील वहीत मान घालून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. पण आकडा लिहिता लिहिता त्यांची लेखणी थांबली होती, हे दिवाणजींनी पाहिले.

नातवंडे मात्र रमली. चौदा वर्षांची नात काट्यावर वजने लिहून घेऊ लागली. नऊ वर्षांच्या नातवाला चांदूर बाजारच्या रस्त्यावरील सहा एकरांच्या बागेत झाडावरून संत्रे तोडण्याचा छंद लागला. एक दिवस मंडळी मुक्तागिरीला जाऊन आली. सातपुड्याच्या त्या डोंगरावर बावन्न मंदिरे आहेत. आजी पायथ्याशीच बसून राहिली. "मागे चढले आहे मी, तुम्ही जा," म्हणाली. उकडलेल्या तुरीच्या शेंगा, ताज्या सोल्यांची आमटी, मावळतीच्या आत आटोपलेले जेवण. सुट्टी जशी जावी तशी ती चालली होती. बाहेरून पाहणाऱ्याला या घरात काही उणे आहे असे वाटले नसते.

२८ डिसेंबरला, रविवारी, सारे अकोल्याला निघाले. अमरावती ते अकोला या मार्गावर लोणी ते माना असा ७५ किलोमीटर रस्ता जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरीकरण करून पूर्ण झाला आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली, ही कथा वाटेत चालकाने मोठ्या अभिमानाने ऐकवली. ताईचे घर जुन्या वस्तीत आहे. यजमानांचे बी-बियाणे आणि खतांचे दुकान. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे नवे वाण कोणते, ते शेतकऱ्याला समजावून सांगणे हा त्यांचा धंदा आणि आनंदही.

जेवणानंतर आईच्या गोळ्यांची वेळ झाली. ताईने कपाटातून एक जाडजूड फाईल काढली आणि गोळ्यांची चिठ्ठी शोधू लागली. मदत करावी म्हणून त्याने फाईल हाती घेतली. वरच्याच कागदावर आईचे नाव होते आणि खाली ऑगस्टमधील तारीख. छातीत दुखले म्हणून दाखल, तपासणी, हृदयाच्या एका रक्तवाहिनीत बसवलेला स्टेंट, चौथ्या दिवशी घरी. नंतर चोवीस दिवस आई अकोल्यालाच होती. ऑगस्टमधील प्रत्येक रविवारच्या फोनवर त्याला सांगितले गेले होते की, आई यंदा श्रावणात ताईकडे राहायला गेली आहे.

त्याचा चेहरा उतरला, मग तापला. "मला कुणीच कसे सांगितले नाही?" हा प्रश्न त्याने तीनदा विचारला. आई खिडकीबाहेर पाहत राहिली. ताईने फाईल त्याच्या हातून घेतली, पाने नीट लावली आणि शांतपणे म्हणाली, "सांगितले असते तर तू काय केले असतेस? विमानाचे तिकीट काढले असतेस. ते मिळून तू येईपर्यंत आई घरी आली असती. मग तू चार दिवस राहिला असतास आणि जाताना आम्हांला काय काय करायला हवे ते सांगून गेला असतास. बाबा म्हणाले, त्याला काळजी नको. मी ऐकले." थोडे थांबून तिने पुढे जोडले, "मला तेव्हा कुणीतरी फोनवर नुसते 'तू जेवलीस का' असे विचारले असते, तरी चालले असते."

दोन लाख दहा हजारांचे बिल ताईच्या घराने भरले होते. आईवडिलांचा आरोग्य विमा नव्हता. सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेतून पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून उपलब्ध आहे. आई एकाहत्तर वर्षांची. आधार कार्डावर वयाची नोंद होतीच, पण कार्ड काढायचे कुणाच्या ध्यानात आले नव्हते. ते काम कुणाचे, हेच ठरलेले नव्हते. मुलाला वाटत होते, तेथे असलेली माणसे पाहतील. तेथे असलेल्यांना वाटत होते, असल्या गोष्टी त्याला जास्त कळतात.

त्या रात्री अमरावतीला परतल्यावर तो तीनची वाट न पाहता जागाच होता. चारला वडील ओट्यावर आले. त्याने प्रथम आईविषयी विचारले. वडील म्हणाले, "तू इतक्या लांब. उगाच कशाला?" तेव्हा त्याच्या तोंडून तीन वर्षे दाबून ठेवलेली गोष्ट बाहेर पडली. २०२३ च्या आरंभी अमेरिकेतील मोठमोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांनी हजारोंनी माणसे कमी केली, त्यांत त्याचीही नोकरी गेली होती. पाच महिने तो घरी होता. रोज सकाळी कपडे करून ग्रंथालयात जाऊन बसे, कारण मुलांनी विचारू नये. रविवारी अमरावतीला फोन करताना नेहमीच्या आवाजात बोले.

"पाच महिने?" वडिलांनी विचारले. "पण तुझे पैसे तर दर महिन्याला येत होते."

"साठवलेले होते, बाबा. पाठवले नसते तर तुम्ही विचारले असते."

वडील उठले. कपाटाचे दार बराच वेळ उघडे राहिले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात खारकेच्या रंगाची कापडी पिशवी होती. त्यांनी एकेक करून मुदत ठेवींच्या पावत्या बाहेर काढल्या. मुलगा २०१६ च्या उन्हाळ्यापासून दर महिन्याला पंचवीस हजार रुपये पाठवत होता. आईवडिलांनी चांगले खावे, गाडी भाड्याने घेऊन फिरावे, दवाखान्यात हात आखडू नये, यासाठी. त्यातला एक रुपयाही खर्च झालेला नव्हता. व्याज धरून रक्कम अडतीस लाखांच्या घरात गेली होती. वडील म्हणाले, "परका मुलूख. कधी काय वेळ येईल सांगता येत नाही. तेव्हा तुला लागतील म्हणून ठेवले."

वेळ येऊन गेली होती, दोन्हीकडे. मुलाची नोकरी गेली तेव्हा तो साठवणीतले पैसे मोडून वडिलांना पाठवत होता आणि वडील ते त्याच्याचसाठी बँकेत ठेवत होते. आईला स्टेंट बसला तेव्हा हेच पैसे अमरावतीत पडून होते आणि बिल मुलीने भरले, कारण मुलाच्या पैशाला हात लावायचा नाही असे वडिलांनी ठरवलेले होते. ज्यांच्या तीन पिढ्या रोजची रोकड मिळवल्याशिवाय झोपल्या नाहीत, त्या घरात ही गोष्ट घडली. वहीत चूक नव्हती. फक्त दोन्ही बाजूंच्या नोंदी कुणी समोरासमोर ठेवल्या नव्हत्या.

पिशवीच्या तळाशी आणखी एक कागद होता. दिवाळीच्या आधी वकिलाकडून तयार करून घेतलेला हक्कसोडपत्राचा मसुदा. बागेची शेती हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावे आहे. तीतला आपला हक्क ताईने भावाच्या लाभात सोडावा, असा त्याचा आशय. व्यापारी घरांत ही रीत इतकी रुळलेली आहे की, ती अन्यायाची वाटतही नाही. लग्नात दिले, सणावाराला देतो, माहेर कायमचे उघडे आहे, मग वाटणीचा कागद कशाला? कायदा मात्र वेगळे सांगतो. जैन कुटुंबांनाही लागू असलेल्या हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी ही जन्मानेच मुलाइतकीच सहदायाद ठरली. त्या दिवशी वडील हयात असोत वा नसोत, तिचा हक्क अबाधित आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले.

मुलाने कागद वाचला आणि वडिलांसमोर ठेवला. "ताईला विचारले का?"

"ती सही करते म्हणाली."

"सही करते म्हणाली. पण तिला काय हवे, ते विचारले का?"

वडिलांनी उत्तर दिले नाही. उजाडल्यावर फोन त्यांनीच लावला. ताईचे बोलणे मोजकेच होते. ती म्हणाली, "बाबा, मला शेती नको, असे मी कधी म्हटले नाही. सही करते म्हणाले, कारण कागद तयारच होता. मला कुणी विचारलेच नव्हते." फोन ठेवल्यावर वडील बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग त्यांनी मसुदा उचलला, उलटा केला आणि दुकानावर जाताना खिशात घातला. त्या दिवशी तुरीच्या पोत्यांची वजने त्यांनी त्याच्या कोऱ्या पाठीवर लिहिली. कागद फुकट घालवण्याची या घरात पद्धत नाही.

पुढचे तीन दिवस, २९ ते ३१ डिसेंबर, कामाचे गेले. नाताळची सुट्टी आणि चौथा शनिवार यांत आधीचा आठवडा गेलेला होता. आता बँकेत जाण्यासाठी एवढेच दिवस उरले होते. मुलाचे कॉलेजच्या काळातील बचत खाते अजून रहिवासी म्हणूनच चालू होते. अनिवासी झालेल्या व्यक्तीला तसे चालत नाही, ते एनआरओ खात्यात बदलून घ्यावे लागते. पासपोर्ट, पॅन, परदेशातील पत्त्याचा पुरावा देऊन तो अर्ज दिला. मुदत ठेवींना नामनिर्देशन फक्त मुलाचे होते. आता १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यावर चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते आणि प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहिता येतो. दोघा भावंडांचे निम्मे-निम्मे लिहिले गेले.

तरीही नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे. तिने पैसे स्वीकारायचे आणि ते वारसांना द्यायचे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या एका खटल्यात १९८३ सालीच मांडले आहे. फार घरांत या एका गैरसमजापायी भावंडे दुरावतात. म्हणून मृत्युपत्र हवे. ते साध्या कागदावर चालते. मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. दोन साक्षीदारांसमक्ष सही हवी आणि साक्षीदार लाभार्थी नसावेत. स्वतःच्या कमाईचे काय करायचे ते वडिलांनी स्वतः, सुवाच्य अक्षरात, दोन पानांत लिहिले. शेजारचे डॉक्टर आणि दुकानाचे दिवाणजी यांनी साक्ष घातली. पाच लाखांची एक ठेव आई आणि ताई यांच्या संयुक्त नावाने, दोघींपैकी कोणीही किंवा हयात असलेली व्यक्ती काढू शकेल अशा रीतीने, केवळ दवाखान्यासाठी वेगळी काढली गेली. ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंतच असते, म्हणून उरलेल्या ठेवी, मुदत संपेल तशा, दोन-तीन बँकांत विभागायचे ठरले. आईवडिलांची आयुष्मान कार्डेही निघाली.

शेतीचा प्रश्न उरलाच. अनिवासी भारतीयाला शेतजमीन वारशाने मिळू शकते, पण विकत घेता येत नाही. आणि विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. नातवंडे अमेरिकेचे नागरिक, ओसीआय कार्डधारक. त्यांनाही हाच नियम. म्हणजे संत्र्याची बाग सांभाळणारे कुणी असेल तर ते अकोल्याहूनच येईल. ताईचे यजमान अर्ध्या तासात बागेचा हिशेब मांडून मोकळे झाले. कोणती झाडे काढायची, ठिबक कुठे बदलायचे, बहार कोणता धरायचा. इतकी वर्षे त्यांना कुणी विचारले नव्हते, कारण जावयाला विचारणे बरे दिसत नाही.

अडत बंद करण्याच्या बाबतीत मात्र वडील ऐकेनात. मुलाने हळूच विषय काढला, अमेरिकेला येऊन राहण्याविषयीही बोलला. वडील म्हणाले, "तिकडे मी सकाळी साडेनऊला कुठे उभा राहू?" याला कुणाजवळ उत्तर नव्हते. मग तडजोड निघाली. उधारीचा नवा व्यवहार करायचा नाही, सौदा दिवाणजींनी पाहायचा, हमाल आणि दिवाणजी यांची देणी दरवर्षी पाडव्यापूर्वी पुरती चुकती करायची आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा बसून बोलायचे. वडिलांनी हे वहीत लिहून घेतले. लिहिलेले ते मोडत नाहीत.

परदेशातील मुलांविषयी बोलताना बहुधा दोनच सूर लागतात. एक तर त्यांच्या यशाचा, नाही तर त्यांच्या विसराळूपणाचा. या घरात दोन्ही लागू नव्हते. मुलगा विसरला नव्हता आणि आईवडील उपेक्षित नव्हते. प्रत्येकाने दुसऱ्याला काळजी नको म्हणून आपली काळजी लपवली होती. या लपवण्याला प्रेम म्हणण्याची सवय जुनी आहे. पण ते प्रेम टिकवण्याचा सारा भार जवळ राहणाऱ्या एका माणसावर पडतो. बहुतेक घरांत ती लग्न होऊन जवळच्याच गावी गेलेली मुलगी असते. तिचे नाव ना ठेवीच्या पावतीवर असते, ना शेतीच्या उताऱ्यावर. दवाखान्याच्या फाईलवर मात्र 'सोबत आलेले नातेवाईक' या रकान्यात तेच असते.

२ जानेवारीला मंडळी परत निघाली. अकोल्याचे स्टेशन रात्री आले. या वेळी डबा नव्हता. ताई आणि यजमान नुसते भेटायला आले होते. भावाने खाली उतरून विचारले, "जेवलीस का?" ती हसली, म्हणाली, "केव्हाच. मावळतीच्या आधीच." शिट्टी होईपर्यंत दोघे बागेतल्या ठिबकाविषयी बोलत राहिले.

त्यानंतरचा रविवारचा फोन तीन ठिकाणांहून जोडला गेला. न्यू जर्सीत शनिवारची रात्र आठ, अमरावती आणि अकोल्यात सकाळचे साडेसहा. ठरल्याप्रमाणे आधी आकडे सांगायचे, मग गप्पा. आईने आपला रक्तदाब वाचून दाखवला, तो जरा जास्तच होता. मुलाने सांगितले की, त्याच्या कंपनीत पुन्हा माणसे कमी होण्याची कुजबुज आहे. कुणीही 'काही काळजी करू नका' असे म्हटले नाही. ताईने डॉक्टरांची वेळ घेण्याचे अंगावर घेतले, भावाने दर महिन्याची रक्कम आता दवाखान्याच्या खात्यात टाकण्याचे. शेवटी वडिलांनी नव्या तुरीचा भाव सांगितला आणि साडेनऊची तयारी करायची म्हणून उठले.